मामांची एसयूव्ही : पासिंगपूर्वीच्या कामाच्या नोंदी

9 फेब्रुवारी 2025, रविवार. पावस

मामांची गाडी काल रात्री आमच्या शेडमध्ये आली. 2010 ची जर्मन एसयूव्ही, तीन लिटरचं व्ही6 डिझेल, ऑटोमॅटिक गिअर, स्प्रिंगांच्या जागी चारही चाकांना हवेचे बलून, वर सनरूफ. मीटरवर 1,68,400. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. जे बिघडलंय ते वयाने आणि खाऱ्या वाऱ्याने बिघडलंय, आणि या जातीच्या बहुतेक गाड्यांना किनाऱ्यावर हेच भोगावं लागतं.

आरसी 14 जूनला संपते, गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. पुढची पाच वर्षं हवी असतील तर फॉर्म 25 भरून आरटीओत गाडी दाखवायची. अर्ज मुदतीच्या 60 दिवस आधीपासून करता येतो. म्हणजे हातात आंब्याचा हंगाम आणि त्यानंतरचे थोडे दिवस. पाऊस लागल्यावर खालचं काम होत नाही.

तक्रारी मामांच्या तोंडून उतरवून घेतल्या. सकाळी गाडी पुढून उजवीकडे बसलेली असते. डॅशबोर्डवर सस्पेन्शनची सूचना येते, कधी आपोआप जाते. घाटात ताकद सोडते, इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की ठीक. उभ्या जागी तेलाचा डाग पडतो. गेल्या पावसापासून आत कुबट वास आहे. बॅटरी गेल्याच वर्षी नवी टाकली तरी चार दिवस उभी राहिली की स्टार्टर रडतो.

शहरातल्या एका वर्कशॉपने स्कॅनर लावून यादी दिली होती: पुढचे दोन्ही बलून, त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर, एक कंट्रोल युनिट, आणि गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील. आकडा बघून मामी म्हणाल्या, भंगारात द्या. मामा काही बोलले नाहीत, चावी माझ्या हातात ठेवली.

या कामाचा नियम आजच ठरवला: कारण हातात आल्याशिवाय एकही पार्ट मागवायचा नाही. स्कॅनरचा कोड सांगतो की अमुक ठिकाणचा आकडा हद्दीबाहेर गेला. तो का गेला, ते मीटर लावून आणि डोळ्यांनी बघून शोधावं लागतं.

10 फेब्रुवारी

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. काल संध्याकाळी पुढे दोन्हीकडे 520 मिमी. आज सकाळी पुढे उजवीकडे 468, डावीकडे 517. मागचे दोन्ही 522 च्या आसपास, जागचे हललेले नाहीत. गळती एका कोपऱ्यात आहे. व्हॉल्व्ह ब्लॉक (चारही बलूनना हवा वाटणारा ठोकळा) सरसकट गळत असता तर एकच चाक असं खाली गेलं नसतं.

16 फेब्रुवारी, रविवार

आज फक्त वीज. सस्पेन्शनला हात लावण्याआधी वीज, कारण असल्या गाडीत व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर स्वतःहून बंद होतो आणि आळ बलूनवर येतो.

रात्रभर उभ्या बॅटरीवर 12.3 व्होल्ट. पूर्ण भरलेली 12.6 ते 12.7 दाखवते, म्हणजे ही जवळजवळ अर्धी रिकामी. स्टार्टर मारताना 9.1 पर्यंत खाली. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरली आणि शेजारच्या पोराला स्टार्टर मारायला सांगितलं. 0.8 व्होल्ट. तिथे 0.2 - 0.3 च्या वर जायला नको. म्हणजे करंट परत येण्याच्या वाटेतच अडथळा होता.

इंजिनपासून चॅसीला येणारी अर्थची विणलेली पट्टी काढली. वरून ठीकठाक. लग, म्हणजे टोकाची धातूची चकती, जिथे दाबलेला असतो तिथे नख लावलं, हिरवी भुकटी पडली आणि निम्म्या तारा हाताबरोबर तुटून आल्या. मिऱ्या आणि भाट्याच्या समुद्रकाठच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या गाडीचं तांबं असंच जातं, बाहेरून चकचकीत आणि आत पीठ.

नवी पट्टी वेल्डिंगच्या जाड केबलची केली. कथिल चढवलेले लग, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबले, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आकसणारी नळी). चॅसीवरची जागा घासून धातू उघडा केला, बोल्ट आवळला आणि मग वरून ग्रीस. ग्रीस आधी लावून वर लग बसवणारे बरेच आहेत. संपर्क धातूचा धातूशी व्हायला हवा. पुन्हा मोजलं, 0.1. सगळे कोड पुसून गाडी फिरवली. परत आले त्यातला कमी व्होल्टेजचा एकही नव्हता.

बॅटरी रिकामी का होते, ते मात्र अजून सापडायचं आहे.

23 फेब्रुवारी

बोनेट उघडं ठेवलं, पण त्याच्या आणि दाराच्या लॅचमधले खटके स्क्रूड्रायव्हरने बंद केले, म्हणजे गाडीला वाटतं सगळं लावलेलं आहे. चावी लांब घरात. अर्धा तास थांबलो, कारण सगळी कंट्रोल युनिटं झोपायला तेवढा वेळ घेतात. झोपेतल्या गाडीने 50 मिलिअँपिअरच्या आत राहावं. ही 410 खात होती.

फ्यूज उपटून शोधणं इथे कामाचं नाही. एक फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि मोजमाप वाया जातं. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटर मिलिव्होल्टला लावून एकेक तपासला. ज्यातून करंट जात नाही तो शून्य दाखवतो. आकडा दाखवणारा फ्यूज निघाला डाव्या पुढच्या पायाशी असलेल्या युनिटचा. वर्कशॉपच्या यादीत बदलायला सांगितलेलं युनिट हेच.

2 मार्च, रविवार

डाव्या पुढची सीट काढली, गालिचा उचलला. वरून हात फिरवला तर कोरडा. खालचा फोम दाबला तर पाणी आलं, गेल्या पावसाळ्यातलं. जाड फोम, वरून रबराचा थर, दारं बंद, वाळणार कुठून?

कनेक्टर फोमच्या अगदी लगत. उघडला तर दोन पिनांवर हिरवट-काळा थर, एक पिन अर्धी खाल्लेली. युनिट स्वतः उघडून पाहिलं. बोर्ड कोरडा आणि स्वच्छ. या ओल्या पिनांमधून थोडा करंट सतत वाहत होता, म्हणून युनिट कधी झोपतच नव्हतं. पिना बदलल्या, दोन वायरींचा सडलेला भाग कापून नवा तुकडा जोडला, बाकीच्यांना कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. कनेक्टर फोमपासून वर उचलून क्लिपने बांधला. गाडी झोपल्यावर आता 30 च्या आत.

आता पाणी आलं कुठून. सनरूफच्या चौकटीला चार कोपऱ्यांत चार नळ्या असतात. सनरूफचं रबर पाणी पूर्ण अडवत नाही, अडवायचंही नसतं. आत आलेलं पाणी पन्हळीतून या नळ्यांनी खाली जातं. पुढच्या दोन नळ्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात. डावीकडे कपभर पाणी ओतलं, ते तसंच उभं राहिलं.

गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी वरून हळूहळू सोडली. हवा मारायची नाही; आतला सांधा निसटला तर पाणी कायमचं खांबात पडत राहतं. दोरीबरोबर काळा, चिकट लगदा आला. बोटांवर घेऊन पाहिला: मोहोराच्या बारीक काड्या, धूळ, आणि तुडतुड्यांचा चिकटा. मामा गाडी वर्षानुवर्षं आंब्याच्या कलमांखाली सावलीला लावतात. मोहोरावर तुडतुडा आला की त्याचा गोड स्राव पानांवरून खाली टपकतो, त्यावर धूळ बसते, काळी बुरशी धरते. बागायतदाराला हे सगळं ठाऊक असतं, फक्त ते गाडीच्या छपरात शिरतं हे कोणी बघत नाही. नळीच्या खालच्या टोकाला रबराची चपटी जीभ असते, तिथे हा लगदा घट्ट अडकला होता.

साखळी अशी लागते: मोहोराचा चिकटा, तुंबलेली नळी, ओला फोम, जागं राहिलेलं युनिट, रिकामी बॅटरी, आणि मध्येच बंद पडणारा कॉम्प्रेसर. नवं युनिट घातलं असतं तर पुढच्या पावसात तेही याच पाण्यात बसलं असतं.

फोम बाहेर काढून उन्हात टाकलाय. चांगला वाळल्याशिवाय परत नाही.

13 मार्च

होळी. चाकरमानी आलेत, वाडीत पालखीची गडबड. शेड बंद.

23 मार्च, रविवार

आता पुढचा उजवा बलून. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. हवेच्या सस्पेन्शनची गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणीही खाली जाऊ नये. व्हॉल्व्ह कधी हवा सोडेल सांगता येत नाही आणि अंगावर येणारं वजन दोन टनांच्या वर असतं.

साबणाचं पाणी फवारलं. वरच्या नळीच्या सांध्यावर काही नाही. नेहमीच्या उंचीवर बलूनवरही काही नाही. मग स्कॅनरवरून गाडी सर्वांत खालच्या पातळीला आणली, तेव्हा रबर जिथे आत दुमडतं त्या घडीवर मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत फुटायला लागले. रबर याच घडीवर दुमडत-उलगडत राहतं, तिथेच भेगा पडतात, आणि भेग विशिष्ट उंचीलाच उघडते. म्हणून घाईने पाहिलं तर बलून चांगला वाटतो.

मेस्त्री संध्याकाळी येऊन बघून गेले. रत्नागिरीत जन्मभर डिझेलची इंजिनं उघडणारा माणूस. म्हणाले, "डाव्याचंही वय तेवढंच हाय रे. एक नवा, एक जुना ठेवलास तर गाडी नीट बसायची नाय." पटलं. पुढचे दोन्ही मागवले.

कॉम्प्रेसर मात्र ठेवला. गळतीमुळे तो रोज जास्त वेळ चालत होता, त्यामुळे पिस्टनची रिंग झिजली होती. रिंगचा संच घातला. ड्रायरमधले सिलिका जेलचे दाणे ओलावा पिऊन निकामी झालेले, तेही नवे. ते तसेच राहिले तर ओली हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते. रिले उघडून पाहिला, टोकं जळून काळी. रिले चिकटला की कॉम्प्रेसर न थांबता चालतो आणि जळतो. काही शे रुपयांची ही वस्तू हजारोंच्या यंत्राचा जीव घेते, म्हणून गळती काढताना रिले सोबत बदलायलाच हवा.

30 मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी बलून. चाकं जमिनीवर टेकवण्याआधी बलूनमध्ये हवा भरून घेतली. रिकाम्या बलूनवर वजन पडलं तर घडी वेडीवाकडी दबते आणि नवं रबर पहिल्याच दिवशी चिरतं.

31 मार्च

सकाळी पुढे दोन्हीकडे 520. जिथे काल होतं तिथेच.

13 एप्रिल, रविवार

तेल. डाग पडतो इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे खाली. कोणीही पाहून म्हणेल, क्रँकचं मागचं सील गेलं. पण या व्ही6 च्या बांधणीत दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मध्ये खोलगट जागा असते. तिथे टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) खाली तेल थंड करणारा ऑइल कूलर बसलेला असतो. त्याची सीलं कडक झाली की तेल त्या खळग्यात साठतं, मागे वाहत जातं आणि बेलहाउसिंगवरून (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचावरून) खाली ठिबकतं. डाग त्याच ठिकाणी. एका निदानात गिअरबॉक्स उतरतो, दुसऱ्यात त्याला हातही लागत नाही.

इंजिन मागून आणि खालून धुऊन घेतलं. तेलात अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग टाकला, पूर्णगडापर्यंत जाऊन आलो. अंधार पडल्यावर दिवा लावून टर्बोच्या मागून लवचिक कॅमेरा आत सोडला. खळगा पिवळा-हिरवा पेटल्यासारखा दिसत होता. बेलहाउसिंगच्या आतली बाजू तपासणीच्या भोकातून पाहिली, कोरडी. क्रँकचं सील निर्दोष.

मेस्त्रींना फोन केला. पलीकडून एवढंच आलं, "वरनं उघडूया."

27 एप्रिल

आंबा ऐन भरात, मामा पेट्यांच्या मागे. अक्षय्य तृतीया 30 ला. गाडीची त्यांना गरज नाही, टेम्पो फिरतोय. आम्ही उघडायला घेतलं.

1 ते 4 मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि त्याला लागून रविवारपर्यंत. हवेचे पाइप, दोन्ही इंटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारे नळ), टर्बो, मग कूलर. प्रत्येक थराचे बोल्ट पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढून त्या त्या जागी खोचले. इंटेकची तोंडं उघडी पडल्या क्षणी कापडाने बंद केली. एक वॉशर आत पडला तर हेड काढावं लागतं.

घाटात ताकद का सोडत होती तेही इथेच मिळालं. टर्बोच्या हवेच्या तोंडाशी इंजिनच्या श्वासाचा पाइप रबरी सीलने जोडलेला असतो. ते सील आकसलेलं, त्यातून तेलाचे थेंब थेट खालच्या स्वर्ल मोटरवर पडत होते. ही छोटी मोटर मॅनिफोल्डमधल्या झडपा फिरवते. कनेक्टर उघडला तर आत तेल भरलेलं. मोटर अडखळली की इंजिन स्वतःला जपायला ताकद कमी करतं, बंद करून चालू केलं की पुन्हा प्रयत्न करतं. मामांनी सांगितलेलं लक्षण तंतोतंत.

मॅनिफोल्डच्या वाटा काजळीने निम्म्या भरलेल्या. ईजीआरची, म्हणजे इंजिनात परत फिरवलेल्या धुराची, काजळी आणि श्वासातलं तेल मिळून डांबर होतं. या गाडीने तरुणपणी जे डिझेल प्यायलं त्यात बीएस-3 या तेव्हाच्या प्रदूषण नियमाच्या हिशेबाने 350 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 350) सल्फर चालत असे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 चं 10 पीपीएम मिळतं. मेस्त्रींनी झडपांना धक्का न लावता लाकडाच्या पट्टीने खरवडून काढलं. मी असतो तर स्क्रूड्रायव्हर घेतला असता. त्यांनी तो हातातून काढून बाजूला ठेवला.

कूलरची जुनी सीलं चपटी झालेली, वाकवली तर कड्‌कन तुटली. नवी व्हिटॉनची, उष्णता सोसणारी. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, त्यामुळे बोल्ट टॉर्क पान्यानेच, थोडे थोडे करून आडवे-उभे. स्वर्ल मोटर नवी, टर्बोच्या तोंडाचं सील नवं. तेल डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) चालणारं, कमी राखेचं. ते दहा हजार किलोमीटरच्या आत बदलायचं असं मामांना लिहून दिलंय. पुस्तकातला लांब पल्ला आपल्या हवेला आणि घाटांना नको.

पहिल्या स्टार्टरला इंजिन लागलं. मेस्त्रींनी बोनेटवर थाप मारली आणि हात धुवायला गेले.

18 मे, रविवार

वळवाचा पाऊस सुरू झालाय, खालचं काम उरकायला हवं. मागच्या ब्रेकचा लोखंडी पाइप टाकीच्या वर क्लिपपाशी खड्डे पडून पातळ झालेला. आरटीओच्या तपासणीत तो कदाचित दिसलाही नसता, पण हा पाइप फुटला तर घाटात मागचे ब्रेक राहत नाहीत. क्युप्रोनिकेलचा नवा पाइप वाकवून बसवला, टोकं दुहेरी फ्लेअरची. ब्रेक ऑइल सगळं बदललं. डॉट-4 हवेतला ओलावा ओढतं, किनाऱ्यावर दोन वर्षांच्या वर ठेवू नये.

कोणीतरी पूर्वी खालून काळं रबरी कोटिंग फासलं होतं. ठोकून पाहिलं तर जागोजागी पोकळ आवाज. खरवडलं की खाली ओला गंज. गंजावर असा थर दिला की खारं पाणी आत कोंडून राहतं. दरवर्षी पावसाआधी हे कोटिंग मारून घेणाऱ्या किती गाड्या आतून अशा झाल्या असतील, या विचाराने वाईट वाटतं. तारेच्या ब्रशने मागची सबफ्रेम उघडी केली. पत्रा अजून जाड आणि ठोस आहे. गंज बदलणारं रसायन, मग इपॉक्सी प्रायमर.

25 मे, रविवार

मान्सून आजच राज्यात आला. जूनची वाट न बघता. प्रायमर सुकायला दुप्पट वेळ घेतोय. शेडच्या दोन बाजूंना ताडपत्री, आत मोठे बल्ब लावून ठेवले. आतल्या पोकळ भागांत नळीने मेण मारणं तेवढं बाकी.

सनरूफवर दिवसभर पाऊस. गालिच्याखाली वर्तमानपत्र पसरलं होतं, संध्याकाळी कोरडं.

1 जून

हातखंबा, साखरपा, आंबा घाट, वर आंबा गाव. मामा शेजारी, मेस्त्री मागे स्कॅनर मांडीवर घेऊन. धुकं होतं, त्यामुळे सावकाश. टर्बोचा मागितलेला आणि मिळालेला दाब चढावभर एकमेकांना धरून. पाण्याचं तापमान 90 च्या आसपास स्थिर. ताकद कुठे सोडली नाही. उतरताना गिअर हाताने खाली धरून ब्रेक थंड ठेवले. वर चहा घेताना मामा म्हणाले, "आता हिला कोण भंगार म्हणतो बघू." मामींना त्यांनी तिथूनच फोन लावला.

खाली पुठ्ठा घालून रात्री गाडी उभी केली. डाग नाही.

5 जून

आरटीओ. पीयूसी, विमा, नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी, पर्यावरण कराची पावती. चॅसी नंबर, दिवे, वायपर, ब्रेक, हॉर्न तपासले. गाडी पास झाली.

22 जून, रविवार

उंची पुन्हा मोजली: पुढे 520 आणि 519, मागे 521 आणि 516. मागचा उजवा किंचित सरकतोय. त्याच्या घडीवर बारीक भेगा आहेत, अजून बुडबुडे नाहीत. मागचे दोन्ही बलून पाऊस संपल्यावर. तोवर मामा दर रविवारी सकाळी पट्टी लावून चारही आकडे फोनवर पाठवणार आहेत. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर त्याच वेळी घेऊ. मेस्त्रींकडे पार्टची यादी दिली आहे. गाडी लावायला घराच्या मागे पत्र्याची शेड घालायला मामांनी चिरे आणून टाकलेत.